गाडी हालते

वळ गावच्या फाट्यावर कमळ मोटारसायकलवरून पडली, तेव्हा गोदामांकडे निघालेले दोन कंटेनर थांबले, पाण्याचा टँकर थांबला, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ते तर धावतच आले. बाई जिवंत आहे की नाही, यावर जमलेल्यांत थोडा मतभेदही झाला. कमळ धुळीत बसली होती. उजवं मनगट तिनं डाव्या हातात धरलं होतं आणि ते जिकडं वळू नये तिकडं वळलेलं होतं. तिचा नवरा बाळाराम मढवी एका पायातली चप्पल हरवून लंगडत तिच्यापाशी आला. आता चार लोकांत आपला उद्धार होणार, अशा तयारीनं त्यानं मान खाली घातली. पण कमळ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच म्हणाली, "गाडी हालते. ह्यांचा काय दोष न्हाय. गाडीच हालते."

लग्नाच्या बायकोनं भर रस्त्यात, हाड मोडलेलं असताना, नवऱ्याला निर्दोष सोडावं हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बाळारामला भरून आलं. भंगाराच्या टेम्पोतून कमळला दवाखान्यात नेताना त्यानं मनाशी ठरवलं की बस्स, आता या गाडीचं हालणं मुळासकट उपटून काढायचं.

गाडी साधीसुधी नव्हती. लांबच्या प्रवासाची, टुरिंगची होती. रुंद सीट, मागच्या माणसाला टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पेट्या. वळची वडिलोपार्जित शेतं गोदामवाल्यांकडे गेली, तेव्हा बाळारामच्या भावांनी आपापल्या वाट्यातून मोठमोठ्या गाड्या घेतल्या, बंगले बांधले आणि फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले. बाळाराम पडला शिकलेला, सुताला खळ लावायच्या कारखान्यात हेडक्लार्क. त्याला सिंह परवडला असता, शोभला नसता. त्यानं कमळला विचारलं, तुला काय पाहिजे? कमळ म्हणाली, "ह्या घरात आल्यापासून निस्ती जमीन जमीन ऐकतेय. बांध कोनाचा, हद्द कोनाची. मला एकदा ती जमीन संपते कुटं ते दाखवा."

जमीन संपते कन्याकुमारीला. तेव्हा भिवंडी ते कन्याकुमारी, पुढे बाळाराम, मागे कमळ, असा बेत ठरला आणि दसऱ्याला गाडी दारात आली. चार लोक हसले. बावन्नाव्या वर्षी माणूस तीर्थयात्रेला निघतो तो बसनं, असं लोकांचं मत होतं. बाळारामनं ते मनावर घेतलं नाही, म्हणजे मनावर घेतलं, पण दाखवलं नाही. आणि आता हा अपघात. हाताला प्लास्टर घालून घरी आल्यावर कमळनं अट घातली, "गाडी हालायची थांबली का बसीन. तवर न्हाय. आनि तुम्ही एकटे बी लांब जायचं न्हाय." म्हणजे कन्याकुमारी गेली ती गेलीच, पण बायकोनं मागे बसणंही गेलं. संध्याकाळी खाडीच्या बाजूनं कमळला मागे घेऊन एक फेरी मारायची, तिनं एक हात खांद्यावर ठेवायचा, एवढंच काय ते या माणसाच्या आयुष्यात नवं सुख आलं होतं. ते गेल्यावर त्याला घर खायला उठलं.

आता 'हालते' ही तक्रार भिवंडीच्या कामतघरात, जिथं मढवी राहत, तिथं करायची म्हणजे मासळीबाजारात नाक धरण्यासारखं आहे. तिथं हालत नाही असं आहेच काय? मढवींच्या घराखाली, तळमजल्यावर, विठू टावरेचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. दिवसपाळी आणि रातपाळी, खडाखडा खडाखडा. त्यामुळे वरच्या मजल्यावर देवघरातली घंटा कुणी हात न लावता किणकिणते, भिंतीवरचं कॅलेंडर कधी सरळ राहत नाही, आणि ताटातला पापड खाणाऱ्याकडून न खाणाऱ्याकडे सरकत जातो. पाहुणे घाबरतात. घरच्यांना ते जाणवतही नाही. उलट बाहेरगावी स्थिर जमिनीवर झोपायची वेळ आली की कामतघरच्या माणसाला झोप लागत नाही.

शांतता म्हणाल तर फक्त शुक्रवारी. भिवंडीचा रविवार शुक्रवारी येतो, त्या दिवशी लूम बंद. पण बाळारामच्या नशिबात ती शांतताही नव्हती. आठवडाभर तोंडातून शब्द न काढता काम करणारी कमळ नेमकी शुक्रवारी सकाळी, तो चहाची कपबशी घेऊन बसला की, आत खलबत्ता काढायची. धाड धाड धाड. प्लास्टर निघालं, मनगट अजून सुजलेलं, तरी डाव्या हातानं कुटायची. तो ओरडायचा, "अगं, एक दिवस तरी कानाला आराम दे!" ती उत्तर द्यायची, "मसाला काय आपोआप व्हतो?"

एरवी मात्र अलीकडे कमळला उतारवयात प्रेमाचा उमाळा आला होता. सकाळी ऑफिसला जाताना त्याच्या शर्टाची बटणं स्वतः लावायची. भाकरी मोडून द्यायची. चहा तेवढा अर्धाच कप द्यायची, साखर वाढेल म्हणून. बाळारामला वाटे, पडल्यापासून हिला आपली किंमत कळली.

तर गाडीच्या हालण्यावरचा इलाज. नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून बाळारामनं अभ्यास केला. हेडक्लार्क माणूस, फायलीच्या तळाशी गेल्याशिवाय सही करत नसे. त्याला कळलं ते असं की, मोठ्या टुरिंग गाड्यांचं इंजिन चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, रबराच्या गुटक्यांवर टांगलेलं असतं. वेग घेऊन वळलं की रबर दबतं आणि मागचं चाक पुढच्या चाकाचं ऐकेनासं होतं. यावर तीन उपाय. एक, हँडलला लावायचा दट्ट्या, तो हँडलचे झटके खातो. दोन, पुढच्या दोन दांड्यांना एकत्र बांधणारी पट्टी. आणि तीन, चेसी स्टॅबिलायझर, म्हणजे इंजिन आणि चेसी यांच्यामध्ये आडवा घट्ट बसवायचा पोलादी दांडा. तो बसला की पुढचं आणि मागचं एका मताचं होतं. बाळारामला तिसरा उपाय पटला. पहिले दोन वरवरचे होते, आणि दोष मुळात असेल तर इलाजही मुळातच करावा, असं तो ऑफिसात कायम म्हणत असे.

चूक एवढीच झाली की हे तो सगळ्या बिऱ्हाडांच्या सामाईक गॅलरीत बोलला. गॅलरीत बोललेली गोष्ट कामतघरात कुणाची खासगी राहत नाही.

पहिल्या आल्या शेजारच्या गोदूबाई. वय झालेलं, दात गेलेले, मतं शाबूत. "बाळा, गाडी एकवीरेला नेलीस का?" नेली नव्हती. "मंग हालनारच. आई हालवते ती." त्यांनी त्याच संध्याकाळी गाडीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, हँडलला लिंबूमिरच्या बांधल्या, आणि पेट्रोलच्या टाकीवर तेलाचा हात फिरवला. त्या तेलावरून दुसऱ्या दिवशी बाळारामचा गुडघा सटकला. गोदूबाई म्हणाल्या, बघ, नजर जाताना लागतंच.

मग आला विठू टावरे. आयुष्यभर लूम चालवल्यामुळे जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, असं त्याचं ठाम मत होतं. हालणाऱ्या, आणि वजन टांगलेल्या. "बाळाराम, मी काय बोलतो ऐक. बीमवरचा ताना ढिला पडला का आपन काय करतो? वजन टांगतो. तुझी गाडी मागून हलकी हाय. पयले वहिनी बसायच्या तेवा वजन होतं. आता न्हाय." वहिनी बसायच्या तेव्हाही गाडी हालतच होती, हे बाळारामनं सांगून पाहिलं. विठू म्हणाला, "मग वहिनी कमी पडत असतील." आणि त्यानं लूमची चार लोखंडी वजनं गाडीच्या मागच्या कॅरियरला साखळीनं बांधून दिली.

फुकटच्या सल्ल्याला नाही म्हणणं बाळारामला कधीच जमलं नव्हतं. पुलाच्या चढावर गाडी गेली आणि पुढचं चाक रस्ता सोडून वर आलं. क्षणभर तो चौथऱ्यावरच्या घोडेस्वारासारखा दिसला, असं पाहणारे सांगतात. मग साखळी सुटली, वजनं उतारानं मागे घरंगळत गेली आणि एकानं कलिंगडवाल्याची हातगाडी गाठली. हवालदार आला. कलिंगडांचं त्याला काही नव्हतं. त्यानं वजनं निरखली आणि विचारलं, "हा लूमचा माल. खासगी गाडीवरून धंद्याची मालवाहतूक? परवाना दाखवा." बाळारामनं सांगितलं की हा माल नाही, इलाज आहे. हवालदारानं पावती फाडली. कलिंगडं मात्र बाळारामला घरी आणावी लागली, आणि सगळी गॅलरी ती आवडीनं खात विठूच्या कल्पनेत नेमकं काय चुकलं याची चर्चा करत बसली. वजनं चारऐवजी दोनच हवी होती, असं ठरलं.

त्यानंतर विठूच्या लूमवरचे इद्रिस मास्तर. आझमगढचे, बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात उभी हयात गेलेली. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, हँडल डावीउजवीकडे हलवून पाहिलं आणि निदान केलं, "सेठ, हैंडल आज़ाद है। आज़ाद चीज़ काँपती है।" लूमच्या धोट्याला फटका मारणाऱ्या दांड्याला जाड चामड्याचा पट्टा असतो. तसले दोन पट्टे त्यांनी हँडलच्या दोन्ही टोकांपासून चेसीपर्यंत असे ताणून बांधले की हँडल हूं की चूं करेना. बाळारामनं सरळ रस्त्यावर चालवून पाहिली. खरंच, कितीतरी कमी हालली. त्याचे डोळे चमकले. सरळ रस्ता संपतो ही गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

रस्ता जिथं वळला तिथं उन्नती भोईरच्या हळदीचा मांडव पडला होता. गाडी वळली नाही. कमानीखालून, रांगोळीवरून, नाचणाऱ्या बायकांच्या मधून गेली आणि डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. पण आगऱ्यांच्या हळदीत माणूस मोटारसायकलसकट मांडवात शिरला तर तो नाचायलाच आला, असंच धरतात. नवरीच्या मामांनी बाळारामला उचललं, डोक्यापासून गळ्यापर्यंत हळद फासली आणि खांद्यावर घेऊन नाचवलं. हेडक्लार्क मढवी साहेब पिवळे होऊन हात जोडताहेत, 'सोडा हो, सोडा' म्हणताहेत, असं सगळं व्हिडिओ शूटिंगमध्ये आलं. ती सीडी पुढे वळपर्यंत घरोघर लागली. भावांच्या बंगल्यांत तर पाहुण्यांना सरबताबरोबर दाखवत. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, नाचता येईना आंगन वाकडं! गाडी इक आनि रिक्षानं फिर." बाळारामनं फोन ठेवला आणि रात्री जेवला नाही. बायकोसमोर उगाच ताटातला भात चिवडत बसला. कमळनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्यांना काय कळतं? गाडीच हालते. अमेरिकेचा चांगलावाला पार्ट मागवा."

चांगलावाला पार्ट परदेशातून येणार होता. पुतण्या भाविक वळच्या एका गोदामात मॅनेजर, त्याचे सगळीकडे धागेदोरे. त्यानं काकासाठी चेसी स्टॅबिलायझर मागवला. तो आला समुद्र ओलांडून, आणि अडकला भिवंडीच्या जकात नाक्यावर. नाक्यावरच्या कारकुनाला प्रश्न पडला की हा दांडा कोणत्या सदरात घालायचा. लोखंडी सळी म्हणावी तर तिला भोकं होती. वाहन म्हणावं तर चाकं नव्हती. कागदावर 'चेसी' शब्द दिसल्यावर त्यानं चेसी नंबर मागितला. "चेसी आहे आणि नंबर नाही, म्हणजे चोरीची." बाळारामनं त्याला हेडक्लार्कनं कारकुनाशी बोलावं तसं, म्हणजे आधी नियमानं, मग आवाज चढवून, आणि शेवटी हात जोडून समजावलं. तिथून सुटलेला दांडा भाविकच्या गोदामात पोचला आणि हजारो खोक्यांत हरवला. सापडला तो साबणाच्या वड्यांमध्ये. महिनाभर त्याला जाईचा वास येत होता.

एवढं सगळं होऊन एकदाचा दांडा चेसीला बसला. ठाण्याहून खास मेकॅनिक आणवला होता. त्यानं प्रत्येक नट आवळून पाहिला. अख्खी गॅलरी कठड्याला लटकली. आधी भाविकनं गाडी काढली, रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, आणि येताना तर भर वेगात दोन्ही हात सोडून दिले. गाडी ओळंब्यासारखी सरळ आली. टाळ्या पडल्या. मग बाळाराम बसला. त्यानं मनात एकवीरेचं नाव घेतलं, हँडल घट्ट धरलं आणि निघाला. विठूच्या दारापासूनच हँडल थरथरू लागलं. त्यानं आणखी घट्ट धरलं. आणखी थरथरलं. नाक्यावर पोचेपर्यंत गाडी दारू प्यायल्यासारखी चालली होती.

परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मेकॅनिक गाडीकडे बघत राहिला. भाविक मात्र गाडीकडे बघत नव्हता. तो काकाकडे बघत म्हणाला, "काका, एक मिनिट तुमचे..."

"भाविक," वरून कमळ एकदम ओरडली, "वर ये. भाकऱ्या केल्यात, गरम हायेत तवर खाऊन घे." आणि तो वर गेला तो बऱ्याच वेळानं खाली उतरला आणि कुणाशी न बोलता, मान खाली घालून निघून गेला.

रात्रीच्या जेवणाआधी कमळ म्हणाली, "हा पार्ट फसवा निघाला. जर्मनीचा चांगला असतो म्हनतात. तो मागवा." बाळाराम चकित झाला. कोथिंबिरीच्या जुडीवर भाजीवालीशी अर्धा तास घासाघीस करणारी ही बाई! तिचं हे औदार्य बघून त्याला वाटलं, आपल्यामागे बसायची हिला आपल्याइतकीच ओढ आहे. त्या विचारानं तो बरेच दिवसांनी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवसापासून सायबर कॅफेत पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या.

मग एक शुक्रवार आला. लूम बंद. विठू कुटुंबासह लग्नाला गेलेला, गोदूबाई लेकीकडे. खाली वर सगळीकडे अशी शांतता की रस्त्यावरून जाणाऱ्याच्या चपला ऐकू याव्यात. बाळाराम अर्धा कप चहा घेऊन, जर्मन स्टॅबिलायझरच्या चित्राची छापील प्रत मांडीवर ठेवून बसला, आणि आत खलबत्ता सुरू झाला. धाड धाड धाड.

आज त्याला तो आवाज सहन होईना. त्याला विचार करायचा होता. त्यानं दोनदा हाक मारली. आवाज वाढला. तेव्हा तो कपबशी हातात घेऊन तसाच उठला, तणतणत स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "एवढं कुटतेस तरी काय?"

कमळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. डाव्या हातात बत्ता, उजवं सुजलेलं मनगट मांडीवर. तिनं दचकून मागे बघितलं, तेव्हा बाळारामला खल दिसला. खलात काही नव्हतं. ना मिरची, ना धणे, ना लसणाची एक पाकळी. ती रिकामा खल कुटत होती.

बत्ता थांबला. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. किटकिट, किटकिट. बाळारामनं आधी खाली फरशीकडे बघितलं. फरशी स्थिर होती. देवघराकडे बघितलं. घंटा गप्प होती. कॅलेंडर हालत नव्हतं. मग त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. कप बशीवर वाजत होता. त्यानं तो दाबून धरायचा प्रयत्न केला, तसा जास्तच वाजला. अर्धा कप चहा बशीत सांडला आणि पायावर ओघळला.

कमळ उठली, तिनं कपबशी त्याच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. आवाज थांबला. दर शुक्रवारचा मसाला, शर्टाची बटणं, मोडून दिलेल्या भाकऱ्या, साखरेच्या नावाखाली अर्धाच भरलेला कप. बाळारामला एकेक उलगडत गेलं. इतके दिवस तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"बसा आधी," कमळ म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी दोघं ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. शेजाऱ्यांना सांगितलं, गाडीचं काम आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. डॉक्टरांनी त्याला अंगठा आणि बोट भराभर एकमेकांवर आपटायला सांगितलं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखं बाळारामनं ते जीव तोडून केलं, तरी बोटं मध्येच अडखळली. मग चालायला सांगितलं. चालताना उजवा हात हालत नाही, तसाच लटकतो, हे डॉक्टरांनी त्याला दाखवून दिलं. जो हालायला हवा तो चालताना हालत नव्हता, आणि स्वस्थ बसल्यावर थांबत नव्हता. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्यांनी बरीच वर्षं निभतं. पण मोटारसायकल आता नको.

बाळारामनं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून विचारलं, "डॉक्टर, याला बाहेरून काही बसवता येत नाही का?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. कमळनं तोंडाला पदर लावला.

परतीच्या एसटीत खिडकीकडे बघत त्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "डॉक्टरना तू दोन दिवाळ्या झाल्या म्हणालीस. गाडी तर गेल्या दसऱ्याला घेतली. म्हणजे तुला आधीपासून ठाव होतं?"

"झोपेत हात धरला का कळायचं."

"मग गाडी घेऊ कशाला दिलीस?"

"तवा थोडंच होतं. आनि तुम्ही किती खुशीत होता! लग्नात बी एवढं तोंड फुललेलं बगितलं नव्हतं मी."

"आणि ठाव असून मागं बसलीस? रोज?"

"बसली," कमळ म्हणाली.

बाळारामनं इतके महिने हिला भित्री म्हटलं होतं, मनातल्या मनात. "मग पडल्यावर का बसायची थांबलीस? घाबरलीस म्हणून?"

"मी पडली तर हाडं जुळतात. त्या दिवशी तुम्ही टँकरच्या चाकापाशी जाऊन पडला व्हता. तुम्हाला ठाव न्हाय, मी बगितलं. गाडीचा दोष हाय म्हनलं का तुम्ही पार्ट शोधत बसायचा. पार्ट शोधताना तुम्ही घरी असायचा, जिते असायचा. म्हनून म्हनलं अमेरिका, म्हनून म्हनलं जर्मनी. आनखी देश घेतले असते मी." बस खड्ड्यातून गेली, दोघं एकमेकांवर आदळले. मग तिनं हळूच म्हटलं, "जमीन संपते तितं आगगाडी बी जाते म्हनं."

"आगगाडीनं कोणीही जातं," बाळाराम म्हणाला, आणि चारचौघांच्या बसमध्ये, हेडक्लार्क असूनही, रडला. त्याला शरमही वाटली नाही.

कामतघरात पोचले तेव्हा गॅलरी भरलेली होती. सुट्टीचा दिवस, सगळे बाहेर बसलेले. उजव्या हाताला लपायला जागा नव्हती. तो खिशात घालावा तर खिसा हालत होता. कमळ पटकन त्याच्या उजव्या बाजूला आली, त्याला बाकावर बसवलं आणि खेटून बसली.

"काय बाळाराम," विठूनं सुरुवात केली, "काय बोलला ठान्याचा मेकॅनिक?"

कमळच बोलली. "गाडीतच फॉल्ट हाय. चेसीच मुळात वाकडी. किती बी पार्ट लावा, उपेग न्हाय. इकून टाकनार."

मग काय विचारता! गॅलरीला इतका आनंद हळदीच्या सीडीनंही झाला नव्हता. गोदूबाई म्हणाल्या, मी पहिल्या दिवशीच आईचा कोप ओळखला होता. इद्रिस मास्तर म्हणाले, आमचे पट्टे काढायला नको होते. विठू तर बाकासमोर येऊन उभाच राहिला. "मी बोललो होतो का न्हाय? गाडी घेताना जानकार मानूस सोबत न्यायचा. एवढी मोठी वस्तू, आनि हा एकटा गेला. अरे, चेसी वाकडी हाय ते शेंबड्या पोराला बी दिसलं असतं! बाळाराम, राग मानू नको, पन ऑफिसातलं ठीक हाय, गाडीतलं तुला काय बी कळत न्हाय."

एरवी या वाक्यावर बाळारामनं आठवडाभर अबोला धरला असता. कमळनं त्याचा उजवा हात आपल्या पदराखाली ओढून घेतला होता आणि दुखऱ्या मनगटासकट दोन्ही हातांनी आवळून धरला होता. कुणाला काही दिसत नव्हतं.

"खरंय विठू," बाळाराम म्हणाला. "मला गाडीतलं काही कळत नाही."